खरं तेच बोलले, मग भाचा का तुटला?

वाचकाचं पत्र

प्रिय ताई, जय ख्रिस्त.

मी अहिल्यानगरची. वय ६२. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, मंडळीच्या महिला संघात बरीच वर्षं काम करते. मला तोंडावर बोलायची सवय आहे. पोटात एक आणि ओठांवर एक मला जमत नाही.

माझा भाऊ चार वर्षांपूर्वी गेला. त्याच्या मागे आलेले पैसे घालून आणि वर बँकेचं कर्ज काढून भाच्यानं मोबाईलचं दुकान टाकलं. मी तेव्हाच सांगितलं होतं, नोकरी धर. दुकान दीड वर्षात बंद पडलं. हप्ते थकलेत, शिवाय कुणा खासगी माणसाकडूनही त्यानं पैसे उचललेत असं कानावर आलंय.

नाताळच्या जेवणाला सगळे माझ्याकडे होते. तो ताटावर गप्प बसला होता. मी म्हटलं, "मी सांगत होते तेव्हा ऐकलं असतंस तर आज आईवर ही वेळ आली नसती. देवाचं भय सोडून धंदा केला की असंच होतं." यात खोटं काय आहे? तो अर्ध्या ताटावरून उठला, हात धुतला आणि निघून गेला. मग मी रोज सकाळी त्याला एकेक वचन पाठवत होते, तर त्यानं मला ब्लॉकच केलं. वहिनीही तुटक बोलते. आता ऐकते की जुनं फेडायला तो आणखी एक कर्ज काढायच्या विचारात आहे. रात्रीचा झोपत नाही म्हणतात. "मी नसतो तर बरं झालं असतं" असंही एकदा आईला म्हणाला. पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे, तिथे तो समोर येणारच.

पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "बाई, कृपेनं बोला." म्हणजे नेमकं काय करू? गोडगोड बोलून त्याला खड्ड्यात जाऊ देऊ?

— एक आत्या

उत्तर

प्रिय आत्याबाई,

जय ख्रिस्त. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही, त्याला खड्ड्यात जाऊ देऊ नका. एक कर्ज फेडायला दुसरं काढणं बरं नव्हे, हे कुणीतरी त्याला सांगायलाच हवं, आणि घरात ते सांगायची हिंमत बहुधा तुमच्यातच आहे. म्हणून 'आता गप्प बसा आणि प्रार्थना करा' असलं काही मी लिहिणार नाही. तुमच्या पाळकसाहेबांचं मला जरा हसू आलं, खरं सांगते. कृपेनं बोला म्हणाले आणि मोकळे झाले! कसं, कधी, कुठे बसून, याचा पत्ता नाही.

नाताळला काय बोललात ते तुम्ही जसंच्या तसं लिहून पाठवलंत याबद्दल आभार. या सदराला जी पत्रं येतात त्यांत लोक स्वतःची वाक्यं धुऊन, इस्त्री करून पाठवतात आणि समोरच्याची मात्र मळकी ठेवतात. तुम्ही तसं केलं नाहीत. तर ती दोन वाक्यं जरा जवळून बघू.

पहिलं, 'तेव्हा ऐकलं असतंस तर.' मजकूर खरा असेलही. पण तो ऐकून मुलानं करायचं काय? गेलेल्या दिवसात परत जाता येत नाही. सल्ला म्हटला की ऐकणाऱ्याच्या हाती उद्या सकाळी करण्याजोगं काहीतरी लागायला हवं. त्याच्या हाती फक्त निकाल लागला. शिवाय 'आईवर ही वेळ' हे तुम्ही आई तिथेच बसलेली असताना बोललात. तिला न विचारता तुम्ही तिला आपल्या बाजूची साक्षीदार करून टाकलंत, तीही पोटच्या पोराविरुद्ध. वहिनी तुटक का बोलतात, याचं उत्तर मला तरी इथे दिसतं.

दुसरं, 'देवाचं भय सोडून धंदा केला की.' आत्याबाई, हे तुम्हाला कसं कळलं? रोज गुडघे टेकणाऱ्यांची दुकानं बुडतात आणि देवाचं नावही न घेणाऱ्यांची धो धो चालतात. स्तोत्रकर्त्या आसाफाला ७३व्या स्तोत्रात हाच तर घोर लागला होता. दुकान बुडण्याची कारणं भाडं, उधारी, ऑनलाइन खरेदी, चुकीची जागा अशी कितीतरी असतात. त्यांतलं एकही तुम्ही त्याला विचारलं नव्हतं. ही चूक मला पहिल्या वाक्याहून मोठी वाटते, कारण इथे तुम्ही आपल्या मताखाली देवाची सही केलीत. आत्याचं मत त्याला खोडता आलं असतं. देवाच्या नावानं आलेल्या मतापुढे त्याला उठून जाण्याखेरीज काही उरलं नाही.

आणि हे सगळं भरल्या पंगतीत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात प्रभूनं याची पायरी घालून दिली आहे: भावाचा अपराध असेल तर जा, तू आणि तो दोघेच असताना सांग. त्याचं ऐकणं होईना तरच एकदोघांना बरोबर घ्यायचं, आणि मंडळीपुढे ती गोष्ट नेणं हे अगदी शेवटचं. आपल्याकडे हे सर्रास उलटं चालतं. आधी सगळ्यांना कळतं, शेवटी ज्याचं त्याला. त्यातून भाच्यानं तुमचा काही अपराध केलेलाच नाही; त्याचा धंदा बुडालाय एवढंच.

आता गोड बोलण्याबद्दल. कृपेनं बोलणं म्हणजे आवाज मऊ करणं असं तुम्हाला वाटतंय, आणि म्हणूनच तुमचा त्यावर राग आहे. तो राग मला पटतो. गोड आवाजात माणसाला उभं चिरता येतं, हे महिला संघात काम केलेल्या बाईला मी काय सांगायचं! ईयोबाचा मित्र अलीफज बघा ना. ईयोब म्हणजे देवाला भिऊन चालणारा आणि तरी सगळं गमावलेला माणूस. त्याच्या भाषणाची सुरुवात किती अदबीची आहे: कुणी तुझ्याशी बोलू पाहिलं तर तुला वाईट वाटेल का, पण बोलल्यावाचून कुणाला राहवेल? मग तो ईयोबाची स्तुतीही करतो, की तू पुष्कळांना शिकवलंस, पडणाऱ्यांना उभं केलंस. रीत सगळी पाळली. पण हाच अलीफज २२व्या अध्यायात पोचेपर्यंत ईयोबाची पापं चक्क रचून सांगू लागतो: भावांच्या वस्तू विनाकारण गहाण ठेवून घेतल्यास, तान्हेल्याला पाणी दिलं नाहीस. दहा मुलं एका दिवशी गमावलेल्या माणसाला त्याचा दुसरा मित्र बिल्दद तर आठव्या अध्यायात सांगतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, त्याचं फळ त्यांना मिळालं. शेवटी देवाचा कोप पेटला तो या उपदेशकांवर. देवाबद्दल सगळं बरोबर बोलतोय असं त्यांना अखेरपर्यंत वाटत होतं.

तरी हे मित्र मुळात वाईट नव्हते. खबर कळताच आपापल्या गावाहून आले, त्याला ओळखू न आल्यानं मोठ्यानं रडले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले आणि कुणी शब्द बोललं नाही. त्या सात दिवसांत त्यांच्यासारखा मित्र दुसरा नव्हता. मग बिघडलं कुठे? ईयोबानंच ते सहाव्या अध्यायात ओळखलंय: तुम्ही माझी दुर्दशा पाहिली आणि घाबरलात. चांगल्या माणसाचं असं होऊ शकतं, तर आपलंही होईल, ही ती भीती. ती घालवायची तर ईयोबाची काहीतरी चूक सापडायलाच हवी होती. म्हणून ते त्याला समजावत बसले, पण समजूत स्वतःचीच घालत होते.

नाताळच्या दिवशी तुम्हाला कशाची भीती वाटत होती, हे तुम्हालाच ठाऊक. भाऊ गेल्यावर त्याच्या घराची जबाबदारी आपल्यावर आहे आणि ते घर डोळ्यांदेखत घसरतंय, ही असेल. चार लोक काय म्हणतील ही असेल. उद्या तो आपल्याकडेच पैसे मागायला आला तर, ही असेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही, निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या बाईला ती वाटणारच. पण ती त्याच्यापुढे भीती म्हणून आली असती तर त्यानं ऐकून घेतली असती. ती आली उपदेशाचा झगा घालून.

कृपेनं बोलावं, बोलणं मिठानं रुचकर केल्यासारखं असावं, असं प्रेषित पौल कलस्सै गावच्या मंडळीला लिहितो. तुमच्या पाळकसाहेबांच्या मनात तेच वचन असणार. पण त्याच्या दोन वचनं आधी पौल काय मागतो ते बघा: माझ्यासाठी प्रार्थना करा, म्हणजे मी जसं बोलायला हवं तसं बोलेन. तुरुंगात बसलेला हा माणूस लोकांना बोलणं शिकवण्याआधी स्वतःच्या बोलण्यासाठी प्रार्थना मागतो. आणि त्याच अध्यायात पुढे अनेसिमाचं नाव येतं, तो तुमच्यातलाच आहे म्हणून. हा अनेसिम म्हणजे फिलेमोनाचा दास, बहुधा पळून गेलेला. त्याला परत घ्यावं म्हणून पौलानं फिलेमोनाला जे पत्र दिलं, ते अवघ्या २५ वचनांचं आहे. म्हणजे कृपेनं बोला हा उपदेश आणि कृपेनं बोलण्याचा नमुना, दोन्ही बहुधा एकाच गावात जाऊन पोचले.

आज रात्री ते पत्र वाचा, पाच मिनिटं लागतील. त्यात पौल सल्ला देतोय, तोही साधा नाही. पळालेल्या दासाला कडक शिक्षा करायचा धन्याला कायद्यानं हक्क होता त्या काळी त्याला दासापेक्षा अधिक, प्रिय बंधू म्हणून घे असं सांगणं म्हणजे फिलेमोनाच्या घरादाराची घडी मोडणं. त्यात गुळमुळीत काही नाही. पण तो म्हणतो, मला तुला आज्ञा करता आली असती, तरी मी प्रीतीनं विनंती करतो. हक्क आहे आणि तो वापरत नाही. पुढे म्हणतो, तुझ्या संमतीवाचून मला काही करायचं नव्हतं, तुझं चांगुलपण जबरदस्तीचं नसावं. नाही म्हणायची वाट त्यानं उघडी ठेवली. आणि मग ती जागा येते जिच्यासाठी मी हे सगळं लिहितेय: त्यानं तुझं काही नुकसान केलं असेल, तुझं काही देणं असेल, तर ते माझ्या नावावर मांड. मी, पौल, स्वतःच्या हातानं लिहितो, मी फेडीन.

लगेच पुढे, तू स्वतःलाच माझं देणं लागतोस हे मी सांगत नाही, असा एक टोलाही तो हाणतो. माणूसच तो. मला ती ओळ फार आवडते.

माझ्या मते कृपेनं सल्ला देण्याची सगळी गोम त्या 'माझ्या नावावर मांड'मध्ये आहे. फुकटचा सल्ला ऐकणाऱ्याला फार महाग पडतो. दिलेल्या सल्ल्यातला थोडा तरी भार देणारा स्वतःच्या अंगावर घेत असेल, तर कडक शब्दही पचतात. तसं नसेल तर मधाळ शब्दही टोचतात. दावीद राजाला त्याचं पाप सांगायला संदेष्टा नाथान गेला तो जीव मुठीत धरून गेला. तुम्ही भाच्याला काय सांगता याच्या आधी तो मनात एवढंच मोजत असेल, की यात आत्याचं काय जातंय?

'प्रभूही कडक बोलत असे' असं तुम्ही म्हणाल, म्हणून तेही बघू. चुना लावलेल्या कबरी तो म्हणाला, खरंय. पण कुणाला? लोकांच्या खांद्यांवर जड ओझी लादून त्यांना बोटही न लावणाऱ्या शास्त्र्यांना आणि परुश्यांना, म्हणजे त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांना. पाच लग्नं होऊन गेलेल्या आणि सहाव्याबरोबर राहणाऱ्या शोमरोनी बाईशी, भर दुपारी विहिरीवर, तो कसा बोलला? आधी तिच्याकडेच पाणी मागितलं. मग तिला बोलतं केलं. मला नवरा नाही असं ती म्हणाली, त्यावर तो म्हणतो, बरोबर बोललीस. मग तो पाच नवऱ्यांचं सगळं सांगतो, आणि शेवटी पुन्हा, हे तू खरं सांगितलंस. खरं काहीही झाकलं नाही. पण ते त्यानं तिच्याच तोंडच्या एका खऱ्या वाक्याला धरून सांगितलं. पुढे गंमत बघा. ती घागर तिथेच टाकून गावात जाते आणि जे ऐकून तिनं तोंड लपवावं तेच आनंदानं सांगत सुटते, की मी केलेलं सारं ज्यानं मला सांगितलं तो माणूस येऊन पाहा. तुम्ही नाताळला जे बोललात ते भाच्यानं दुसऱ्या कुणाला आनंदानं सांगितलं असतं का? एवढं एक विचारून पाहिलं तरी आपलं बोलणं कुठल्या जातीचं होतं ते कळतं.

आता करायचं काय.

सगळ्यात आधी त्याचं ते 'मी नसतो तर' हे वाक्य. ते कर्जाच्या वर ठेवा. झोप उडालेला, कर्जात बुडालेला मुलगा असं बोलतो तेव्हा ते बोलण्याच्या भरात आलं असं धरून चालू नये. त्याला सरळ, शांतपणे विचारायला हवं: जीव द्यायचे विचार मनात येतात का? विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरतात ही समजूत खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसं मोकळी होतात. हे विचारणं आज वहिनींना जमेल, तुम्हाला नाही, म्हणून वहिनींना आजच फोन करा. त्यानं हो म्हटलं तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टर गाठायचा. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. यात विश्वासाची कमतरता वगैरे काही नाही. रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूतानं एकही उपदेश केला नाही. ऊठ, खा, म्हणाला. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं, आणि वाट तुझ्या शक्तीपलीकडची आहे एवढं कबूल केलं. तू इथे काय करतोस हा देवाचा प्रश्न आला तो चाळीस दिवस आणि चाळीस रात्रींनंतर.

वहिनींना फोन कराल तेव्हा भाच्याची चौकशी करण्याआधी त्यांची माफी मागा. त्यांच्या देखत झालं ते.

भाच्याला चिठ्ठी लिहा. हातानं लिहा, शिक्षिकेचं अक्षर आहे, कामी येऊ द्या. फोन त्यानं बंद केलाय तर दुसऱ्याच्या फोनवरून गाठू नका; तो त्याचा दरवाजा आहे. चिठ्ठीत साधारण एवढंच असावं:

"चि. बाळा, नाताळला सगळ्यांसमोर मी तुझा अपमान केला. मी तसं बोलायला नको होतं. देवाचं नाव घेऊन बोलले ते तर मुळीच नको होतं. या चिठ्ठीला उत्तर द्यायलाच हवं असं नाही. लग्नाआधी एखाद्या दिवशी जेवायला ये, दुसरं कुणी नसेल. तुझी आत्या."

संपलं. 'पण' नको. 'तुझ्या काळजीपोटी' नको. काळजी होतीच, ते त्याला माहीत आहे, आणि माफीत मिसळली की ती वकिली होते. 'तुझे बाबा असते तर' हे तर अजिबात नको. वचनही नको. वचनांशी माझं काही वैर नाही, पण रोज सकाळी गुलाबाच्या चित्रावर छापून आलेलं वचन त्याला आत्याची हजेरी घेणारी घंटा वाटत होतं. काही महिने शास्त्र तुम्ही वाचा, त्याला पाठवू नका.

तो आला तर आधी जेवू घाला. मग विचारा, काय चाललंय, आणि थांबा. शिक्षकांना हे जड जातं, मला कल्पना आहे. मुलाला उत्तर आलं नाही की आपण फळ्याकडे वळतो. इथे वळायचं नाही. तो दुकानाची कहाणी सांगेल, तुम्हाला त्यात चुका दिसतील, त्या त्यालाही दिसल्या आहेत. ऐकून घेण्याआधी जो उत्तर देतो त्यात त्याचा मूर्खपणा असं नीतिसूत्रांच्या १८व्या अध्यायात आहे. सगळं सांगून झाल्यावर म्हणा, "मला एका गोष्टीची भीती वाटते, सांगू का?" तो नको म्हणाला तर खरोखर सांगू नका. हो म्हणाला तर एकच सांगा: "जुनं फेडायला नवं कर्ज काढू नकोस. बँकेत मी तुझ्याबरोबर येते." या दोन वाक्यांतलं दुसरं नसेल तर पहिलं बोलू नका.

कारण तिथे तुमच्या येण्यानं खरंच फरक पडतो. हप्ता थकून ९० दिवस उलटले की बँक खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत टाकते आणि मग बोलणी अवघड होतात. त्याआधी शाखेत जाऊन व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्यायचा, कर्जाची पुनर्रचना करून हप्ता कमी करता येईल का म्हणून. अर्जाची पोच घ्यायची. ९० दिवस होऊन गेले असतील तरी जायचंच, तडजोडीची वाट तेव्हाही असते. वसुलीच्या माणसांनी सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करू नयेत असं रिझर्व्ह बँकेनं घालून दिलंय. खासगी माणसाचं म्हणाल तर परवान्याशिवाय सावकारी हा २०१४च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे करता येते. लाज वाटणारा मुलगा या खिडक्यांवर एकटा उभा राहू शकत नाही. आत्या शेजारी असेल तर राहील.

एक गोष्ट मात्र करू नका: जामीन राहू नका. पौलानं माझ्या नावावर मांड म्हटलं म्हणून तुम्ही कागदावर सही करायला निघाल, अशी धास्ती वाटते मला. दुसऱ्यासाठी हात मारून जामीन राहणाऱ्याला नीतिसूत्रांत वारंवार सावध केलंय, सहाव्या अध्यायात तर शिकाऱ्याच्या हाती सापडलेल्या हरिणीसारखी स्वतःची सुटका करून घे म्हटलंय. पैसे द्यायचेच असले तर परत न आले तरी तुमची औषधं आणि वीजबिल अडणार नाही एवढेच द्या, परत मागायचे नाहीत म्हणून द्या, आणि कुणाला सांगू नका. तुमच्या खात्यातून जायला हवी ती मुख्य रक्कम वेगळीच आहे. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य. त्यावर तुमचा पुरता हक्क आहे, तुम्ही खरंच सांगितलं होतं. ते कायमचं सोडून द्या. लग्नात, बँकेच्या रांगेत, तो पुढे सावरल्यावरही. मला वाटतं पैशापेक्षा तुम्हाला हेच जास्त महाग पडेल.

एवढं करूनही तो ऐकेल याची हमी नाही. नवं कर्ज काढेलही. तिशीच्या आसपासचा माणूस आहे तो, सही त्याची. तेव्हाही तुमच्या घरचं ताट त्याला मोकळं असावं, आणि त्यासाठी त्याला आधी काही कबूल करावं लागू नये.

तो आलाच नाही, तर लग्नात भेटेल. तिथे विषय काढू नका. "आलास, बरं वाटलं" म्हणा आणि पुढच्या पाहुण्याकडे वळा. दुसरं कुणी बोलता बोलता त्याच्या दुकानावर घसरलं, तर तुमचा तो तोंडावर बोलण्याचा गुण तिथे बेलाशक वापरा.

आणि महिला संघाच्या प्रार्थनेत त्याचं नाव काढू नका. 'आमच्या एका भाच्यासाठी प्रार्थना करा, कर्जात आहे' असं म्हणायला उठलात की घरी पोचेपर्यंत सगळ्या मंडळीला रक्कम माहीत झालेली असेल, तीही दुप्पट होऊन. घरी करा. चिठ्ठी हाती द्यायची की पोस्टानं पाठवायची, ते फोनवर वहिनींनाच विचारा.

— तुमची ताई